सोसायटी ग्रुप: बॅटमॅन कुठून सुरू करावा?

वैशाली, बी-३०४: नमस्कार मंडळी. आमचा अर्णव सुट्टीत 'बॅटमॅन: अर्कम नाइट' गेमसाठी हटून बसलाय. वय ११. घेऊ का? कुणी खेळलं असेल तर सांगा 🙏

रोहन, सी-५०१: ताई, हा आत्ता नको. २०१५ चा हा गेम अमेरिकेत १७ वर्षांवरच्यांसाठीच आहे. आधीचे दोन, 'अर्कम असायलम' आणि 'अर्कम सिटी', १३ च्या पुढच्यांना चालतात. त्याला १९९२ ची कार्टून मालिका लावून द्या. माझ्या मते आजवरचा सगळ्यात चांगला बॅटमॅन तिथेच आहे, सिनेमांपेक्षाही.

देशपांडे काका, ए-१०२: आणि ॲडम वेस्टची १९६६ ची मालिका? ठोसा बसला की पडद्यावर 'पॉव' अशी मोठ्ठी अक्षरं! मी नातवंडांबरोबर बघतो, मुलं बिनधास्त बघू शकतात. तुम्ही तरुण मंडळी तिला नावं ठेवता.

रोहन, सी-५०१: काका, मी नाही ठेवत. बॅटमॅनच्या शत्रूचं, मिस्टर फ्रीझचंच बघा ना. १९५९ मध्ये कॉमिकमध्ये आला तेव्हा त्याचं नाव मिस्टर झीरो होतं, बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा साधा चोर. 'फ्रीझ' हे नाव तुमच्या मालिकेनं दिलं आणि मग कॉमिकनंही तेच उचललं.

देशपांडे काका, ए-१०२: अरे वा! हे माहीत नव्हतं.

रोहन, सी-५०१: पुढचं ऐका. कार्टूनमध्ये 'हार्ट ऑफ आइस' नावाचा भाग आहे, पॉल डिनीनं लिहिलेला. त्यात फ्रीझची बायको नोरा असाध्य आजारी आहे, म्हणून त्यानं तिला गोठवून ठेवलंय, उपाय सापडेपर्यंत. कंपनीचा मालक येऊन प्रयोग बंद पाडतो आणि त्या झटापटीत फ्रीझचं शरीर कायमचं बिघडतं. शेवटी कोठडीत तो नोराच्या छोट्या मूर्तीशी बोलत बसतो. या लेखनाला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. ही नोरा पुढे कॉमिकमध्ये गेली, १९९७ च्या सिनेमातही गेली. त्या सिनेमानं मात्र फ्रीझ झालेल्या श्वार्झनेगरच्या तोंडी बर्फावरचे विनोद घालून तिची माती केली, याचा मला अजून राग आहे.

नेहा, ए-४०३: जोकरची साथीदार हार्ली क्विनपण त्याच कार्टूनची ना?

रोहन, सी-५०१: हो, आधी कॉमिकमध्ये नव्हतीच.

वैशाली, बी-३०४: पण याचा गेमशी काय संबंध? तो कार्टून म्हटलं की तोंड वाकडं करतो.

रोहन, सी-५०१: ताई, त्याला सांगा की 'असायलम' आणि 'सिटी'ची गोष्टही डिनीनंच लिहिलीये आणि बॅटमॅनचा आवाजही तोच, केव्हिन कॉनरॉयचा. ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याशिवायचा बॅटमॅन, बोलतो तेव्हा हलका, मुखवटा चढला की खर्जातला. 'सिटी'मध्ये फ्रीझशी लढाई आहे. जमिनीतल्या जाळीखालून झेप घेऊन त्याला एकदा पाडलं की तो जाळ्या गोठवून टाकतो, तीच युक्ती परत चालत नाही. दर वेळी नवी शोधावी लागते. शास्त्रज्ञ आहे, शिकणारच ना तो! ज्यानं 'हार्ट ऑफ आइस' बघितलाय त्याला ही लढाई जास्त भिडते.

नेहा, ए-४०३: कॉनरॉय २०२२ मध्ये गेले. मला आजही बॅटमॅन वाचताना त्यांचाच आवाज ऐकू येतो.

रोहन, सी-५०१: मलाही 🙏 कार्टूनमधली पार्श्वभूमीची चित्रंही बघ परत कधी. काळ्या कागदावर रंगवायचे, म्हणून बॅटमॅनचं शहर गॉथम इतकं अंधारलेलं दिसतं.

वैशाली, बी-३०४: बरं, आज जेवणं झाली की 'हार्ट ऑफ आइस' लावते. गेमचं दोन वर्षांनी बघू.

देशपांडे काका, ए-१०२: किती वाजता? नातवंडांना घेऊन येतो.

वैशाली, बी-३०४: नऊला या काका. रोहन, तूही ये, अर्णवचे प्रश्न मला नाही झेपणार.