विषय: बाबांसाठी टॅब्लेट की लॅपटॉप?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात परदेशातून कोल्हापूरला निघालेय. बाबांसाठी इथून काहीतरी न्यायचं आहे. नवरा म्हणतो आयपॅड घे, वजन अर्धा किलोच्या आत, दिवसभर चार्जिंग टिकतं, बटणं दाबत बसायला नको. भाऊ म्हणतो लॅपटॉपच. बाबांना विचारलं तर "तुला बरं वाटंल ते आण." म्हणजे घोंगडं माझ्याच गळ्यात. वय ७४, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.
– कसबा बावड्याची लेक

ताई, डोळे झाकून टॅब्लेट घ्या. आमच्या आईला आधी लॅपटॉप दिला होता. त्यावर लोकरीचं आवरण चढलं आणि वर फोनचं चार्जर ठेवलं गेलं. टॅब्लेट मात्र तिच्या हातून सुटत नाही. अक्षर दोन बोटांनी मोठं करते, नातवंडांशी बोलते, नोव्हेंबरात अंबाबाईचा किरणोत्सव त्यावरच बघते. सूर्याची किरणं देवीच्या मूर्तीवर कुठवर आली ते आम्हाला इकडे फोन करून सांगते.
– राजारामपुरीकर

जरा थांबा. बाबा कोर्टात टायपिस्ट होते असं तुम्ही दिवाळीच्या कार्यक्रमात म्हणाला होतात. अजून टाईप करतात का? करत असतील तर कशावर, आणि कुठल्या कीबोर्डने? ते आधी विचारा.
– एक जुना शाहूपुरीवाला काका

काका, बरं झालं विचारलंत. काल व्हिडिओ कॉलवर बोलले. बाबा सोसायटीची इतिवृत्तं आणि गल्लीतल्या लोकांचे अर्ज अगदी आत्तापर्यंत टाईप करत होते. जुना कॉम्प्युटर पावसाळ्यात बंद पडल्यापासून सगळं हाताने लिहितायत, हे मला आईकडून कळलं. मराठी ४० ची, म्हणजे मिनिटाला ४० शब्दांची टायपिंगची परीक्षा दिलेला माणूस! बोटांना टायपरायटरचाच कीबोर्ड पाठ, कॉम्प्युटरवरही श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच लावून घेतला होता. आईला तिच्या फोनवर मराठी कीबोर्ड उघडून द्यायला लावला, तर बाबांनी दहाही बोटं काचेवर ठेवली. बोटं टेकताक्षणीच ओळभर काहीबाही उमटलं. म्हणाले, "पोरी, ह्याच्यावर बोटं टेकायची कुठं ते तरी सांग." बोलून टाईप करायला सांगितलं. "सदरहू अर्जदार" म्हणाले, फोनला काय ऐकू आलं देव जाणे. दोनदा हसले, तिसऱ्यांदा फोन आईकडे दिला.
– कसबा बावड्याची लेक

मग विषय संपला, विंडोजचा लॅपटॉप. त्यांचं श्रीलिपी विंडोजवरचं, जुन्या फाइलीही त्याच फाँटच्या. तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. टॅब्लेटला वेगळा कीबोर्ड जोडता येतो, पण पैसे दोनदा जातात आणि टायपरायटरची अक्षररचना मिळेलच असं नाही. घरचा जुना प्रिंटर वायरचा असेल, तोही लॅपटॉपलाच सोयीचा. स्क्रीन १५.६ इंची बघा, डोळ्यांना बरं.

आणखी एक, विमानतळावरचं. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप करमुक्त नेता येतो. चार्जरवर १००–२४० व्होल्ट छापलेलं असतं, तेव्हा फक्त पिन बदलायची. वॉरंटी भारतात चालते का, हे मात्र दुकानातून लेखी घ्या. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपचा पडदा गेला, तेव्हा कोल्हापुरात "तिकडेच दुरुस्त करा" म्हणून परत पाठवला होता.
– शाहूपुरीवाला काका

काकांचं खरं आहे. मी आपलं आईवरून बाबांना मोजलं. तरी स्वस्तातला एखादा टॅब्लेट तिकडेच घेऊन आईला द्या, नाहीतर लॅपटॉपवर किरणोत्सवाचा हक्क कुणाचा यावरून भांडण लागेल.
– राजारामपुरीकर

मंडळी, लॅपटॉप ठरला. वॉरंटीचा विचार करून तोही कोल्हापुरातूनच घ्यायचा, म्हणजे बिघडला तर भाऊ दुकानात जाऊन बसेल. श्रीलिपी भाऊच त्यात घालून देईल. आईसाठी छोटा टॅब्लेट, तो नवऱ्याच्या खात्यावर. आयपॅडचा हट्ट त्याचाच होता.

बाबांची एकच अट आहे. टायपरायटरवर ओळ संपत आली की घंटा वाजायची, तशी ह्यात वाजवता येईल का? कुणाला असं काही सॉफ्टवेअर माहीत असेल तर कळवा.
– कसबा बावड्याची लेक