सौरऊर्जेवरचे स्वावलंबन आणि वाडीची माणसे

सुपारीबाग : ‘मीटर काढून टाकले, पॅनेल, बॅटरी आणि गोबरगॅसवर घर चालते, आता कोणाचे मिंधे नाही’ अशी फुशारकी मारणारा लेख काल वाचला. लेखकमहाशयांनी तो एप्रिलात लिहिला असावा. आषाढात दिवसेंदिवस ऊन पडत नाही, तेव्हा बॅटरी संध्याकाळीच मान टाकते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर झोडपून गेले, त्यानंतर रस्त्यात आडवे पडलेले माड आमच्या वाडीने कोयते-करवती घेऊन तोडले, म्हणून तर बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घरापर्यंत आला.

खाडीकाठ : यात सौरऊर्जेचा काय दोष? ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना, जोडलेली पॅनेल त्या वेळी निरुपयोगीच ठरली, कारण तारेवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून लाइन गेली की त्यांचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. माझी बॅटरी स्वतंत्र होती आणि अख्खी वाडी माझ्या पडवीत मोबाइल चार्ज करत होती. मिंधे कोण, तेवढे सांगा.

उंबरठा : वाडीचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा वाळीत पडून पाहावे. पालखीच्या मानावरून वाद झाला आणि गावकीने आमच्याशी बोलणे तोडले. आमच्याकडे गुरे नाहीत; शेण देणारा शेजारी यायचा थांबला, दुसऱ्या आठवड्यात गोबरगॅसची टाकी बसली आणि आई पुन्हा चुलीपुढे खोकू लागली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, पण कायद्याने शेण मिळत नाही. मी पॅनेल बसवले ते पर्यावरणाच्या प्रेमाने नव्हे.

सुपारीबाग : गावकीच्या भांडणाचा इथे काय संबंध? पावसाळ्यानंतर व्हाळावर बंधारा घालायला आपण कधी आला होतात का?

उंबरठा : बोलावले असते तर आलो असतो. आपण गावकीच्या त्या बैठकीत मान खाली घालून बसणाऱ्यांपैकी दिसता.

खाडीकाठ : वैयक्तिक होऊ नका. तरी एवढे खरे, की शेण ज्याच्या गोठ्यातले, गॅसची चावीही त्याच्याच हाती. पॅनेलला निदान कोणाचा गोठा लागत नाही.

सुपारीबाग : बरे, आपले पॅनेल थोर. खाऱ्या हवेने गंजलेले क्लॅम्प बदलायला ओल्या कौलांवर चढाल, तेव्हा शिडी कोण धरणार, तेवढे मात्र कळवा.