मे महिन्यात मालवण: जीन्स घरीच ठेवा

ताई, मे महिन्यात मालवणला चार दिवस, सोबत एकच बॅग आणि शेवटी मैत्रिणीकडचं लग्न, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या प्रश्नाला उत्तर देताना दुसऱ्या कुणी दोन जीन्स घ्या म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर, वळीव झाला की संध्याकाळी गार वारं सुटतं. घाट उतरला की हवा दमट, घाम वाळतच नाही. तिथे धुतलेली जाड जीन्स रात्रभर दोरीवर टाकली तरी सकाळी कमरेची शिवण ओलीच लागते.

आधी रंग ठरवा. गडद निळा, पांढरट आणि एकच उठावदार रंग घेतला की कुठलाही कुर्ता कुठल्याही पॅंटवर जातो. दोन सैल सुती पॅंट, तीन कुर्ते आणि एक लिननचा शर्ट पुरे. शर्टाची बटणं उघडी ठेवून कुर्त्यावर घातला तर उन्हाला आडोसाही होतो.

लग्नासाठी जड साडी नेऊच नका. गुळेदगुड्डचा खण घेऊन बिनबाह्यांचं जाकीट शिवा, साध्या पांढऱ्या कुर्त्यावर ते फार देखणं दिसतं. शिंप्याला मात्र बजावून सांगा, अस्तर मलमलचंच हवं. न सांगता टाकलं तर बहुतेक वेळा पॉलिस्टरचं लागतं आणि मग खण कितीही चांगला असला तरी आत उकडतं.

अथणीची चामडी कोल्हापुरी लग्नात खुशाल घाला. वाळूत रबरी चप्पलच बरी, खारं पाणी लागलं की चामडं कडक होतं.