हर्ग चॅनल ईआरमध्ये अडकतो हे २५ हजारांत कसं दाखवू?

राळेगावची_झू
एम.एस्सी. प्रोजेक्ट. हर्ग म्हणजे हृदयाचा पोटॅशियम चॅनल, त्याचं जी६०१एस म्युटेशन (६०१ व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरिन), एचईके (माणसाच्या मूत्रपिंडाच्या) पेशी. चॅनल ईआरमध्ये (पेशीत प्रोटीन घडतं तो पडद्यांचा भाग) अडकून पृष्ठभागावर पोचतच नाही की पोचून उघडत नाही, हे वेगळं करून दाखवायचंय. पेशी, प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारा डीएनए) आहेत. बजेट २५ हजार, दुपारी तीन तास लाइट नसते. काय घेऊ?

पॅचवाला
पॅच क्लॅम्प, म्हणजे चॅनलचा करंट थेट मोजणं. बाकी सगळं अंदाजपंचे.

वऱ्हाडी_ब्लॉट
२५ हजारात पॅचची पिपेट ओढाची मशीनबी येत नाई भाऊ. वेस्टर्न करा, म्हंजे प्रोटीन जेलवर वजनानं वेगळे करून अँटिबॉडीनं पट्ट्या पाहाच्या. ईआरमधला अर्धवट साखर लागलेला हर्ग १३५ किलोडाल्टनवर दिसते, गॉल्जीतून (ईआरनंतरचा टप्पा) निघालेला १५५ वर. जी६०१एसमध्ये वरची पट्टी फिकी पडते. नमुना ९५ अंशाले उकळू नोका, गठ्ठा होऊन जेलच्या वेलमंदीच बसते. ५० अंश, १० मिनिटं, बस.

कन्फोकल_ताई
जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) जोडा, कन्फोकल मायक्रोस्कोपला टाका. चित्र छान येतं.

वऱ्हाडी_ब्लॉट
चित्र छान, पन ईआर पडद्याले इतकी चिकटून रायते का दोन्ही हिरवंच दिसते. कायले पैसे घालवता?

प्रोटिनेज_के
वेस्टर्नच करा, पण १५५ म्हणजे पृष्ठभागच असं धरू नका. जिवंत पेशींना बाहेरून प्रोटिनेज के (प्रोटीन कापणारं एन्झाइम) द्या: २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, ३७ अंश, ३० मिनिटं. मग थंड बफरात पीएमएसएफ आणि ईडीटीए घालून थांबवा. बाहेरचा १५५ नाहीसा होतो, आतला १३५ तसाच राहतो. १३५ पण गेला तर पेशी फुटल्या समजा. एचईके या मिश्रणात सुटतात, सेंट्रिफ्यूज करून गोळा करा. पृष्ठभागावरची प्रोटीनं पकडणाऱ्या बायोटिन किटच्या मानाने फुकटच.

पुसदकर
आपल्या भागात सिकलसेल इतका, अन् तुम्ही हृदयाचा चॅनल काहून घेतला?

प्रोटिनेज_के
सिकलसेल हिमोग्लोबिनचा, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन. तिथे प्रोटीन अडकत नाही, ऑक्सिजन सुटला की साखळ्या बांधतं. वेगळा धागा काढा.

बीओडी_दादा
जी६०१एस थंडीने सुधारतो. २७ अंशावर २४ तास ठेवा, १५५ ची पट्टी परत चढते. हा सगळ्यात स्वस्त पुरावा. बीओडी (थंडही करणाऱ्या) इनक्युबेटरात कार्बन डायऑक्साइड नसतो, म्हणून मिडियममध्ये २५ मिलिमोलर हेपेस (पीएच सांभाळणारा बफर) घाला आणि झाकण घट्ट लावा. पण मे महिन्यात तीन तास लाइट गेली तर बीओडी २७ वर राहणार नाही. हा भाग जुलैत करा.

पॅचवाला
रोग्यात निम्मा चांगला चॅनलही असतो. चार तुकड्यांचा टेट्रामर. एक बिघडलेला तुकडा पूर्ण चॅनल अडवत असेल, तर फक्त १६ पैकी १ शाबूत. चांगलं आणि बिघडलेलं, दोन्ही प्लाझ्मिड १:१ द्या, एकूण डीएनए रिकाम्या प्लाझ्मिडने सारखा ठेवा. हे ब्लॉटात नीट कळत नाही.

कन्फोकल_ताई
वेस्टर्नच करा मग. सगळे तेच म्हणतायत.

राळेगावची_झू
वेस्टर्न नाही करत. माझ्या प्लाझ्मिडला एस१-एस२ लूपमध्ये, म्हणजे पेशीबाहेर, एचए टॅग (अँटिबॉडी ओळखते ती छोटी खूण) आहे. पृष्ठभाग एलिसा (अँटिबॉडीने रंग आणून मोजणं) करते. गावातल्या पॅथॉलॉजीत ४५० नॅनोमीटरचा रीडर वापरू देतात. एचए अँटिबॉडी, एचआरपी एन्झाइमवाली दुसरी, त्याने रंग येणारं टीएमबी, एवढंच घेणार. प्लेटच्या अर्ध्या विहिरींना ट्रायटन (पडद्याला भोकं पाडणारा डिटर्जंट) देऊन एकूण मोजेन, मग पृष्ठभाग भागिले एकूण. २७ अंश जुलैत.

प्रोटिनेज_के
चालेल. पृष्ठभागाच्या विहिरींत अँटिबॉडी जिवंत पेशींवर, बर्फावर, आणि फिक्स त्यानंतर. म्युझियमच्या बरणीतलं फॉर्मलिन वापरू नका, त्यात मिथेनॉल असतं, पडद्याला भोकं पडू शकतात आणि आतला हर्गही मोजला जाण्याचा धोका राहतो. पॉली-लायसिन लावा, नाहीतर धुताना एचईके पापुद्र्यासारख्या निघून जातात. रिकाम्या प्लाझ्मिडची ओळ हवीच.

पॅचवाला
उघडतो का ते तरी कळणार नाही.

राळेगावची_झू
नाही कळणार. थीसिसमध्ये तसं लिहीन.