अनुभव धागा: हरिकेनच्या पट्ट्यात घर घ्यावं का? राहिलेल्यांनी, पळालेल्यांनी, परत आलेल्यांनी लिहा

ओहायोवाली:
नमस्कार मंडळी. आम्ही सध्या ओहायोत, समुद्र बघायचा तर अख्खा दिवस गाडी हाकायची. नवऱ्याला फ्लोरिडातल्या टँपाहून ऑफर आलीये आणि मागच्या महिन्यात जाऊन आम्ही घरंही बघून आलो, त्यातलं टँपाजवळच्या सेंट पीटर्सबर्गचं एक दोघांनाही फारच आवडलंय, एकमजली, मागे कालवा, अंगणात आंब्याचं झाड (हो, आंब्याचं! नवरा तिथेच विकला गेला). एजंटबाई म्हणतात, १९२१ नंतर मोठं वादळ टँपावर थेट आलेलंच नाही. सासरे म्हणतात, शंभर वर्षं आलं नाही म्हणजे आता यायचीच वेळ झाली. दोघांच्या मध्ये मी. बातम्या, नकाशे, यूट्यूब सगळं बघून झालंय, आता ज्यांच्या घरात पाणी शिरलं किंवा शिरता शिरता राहिलं त्यांच्याकडून ऐकायचंय. राहावं का अशा ठिकाणी? आणि तुम्ही का राहताय?

केटीकर:
ताई, लिहितो सविस्तर, वाचा वेळ काढून. आमचं घर ह्यूस्टनजवळ केटीला होतं, बार्कर रेझर्वॉयरच्या वरच्या अंगाला. 'वरच्या अंगाला' म्हणजे काय ते मला ऑगस्ट २०१७ पर्यंत कळलेलं नव्हतं. घरामागे जंगल, संध्याकाळी हरणं यायची, बायकोनं घर पसंत केलं ते त्या हरणांपायी. ते जंगल म्हणजे कोरडं धरण होतं! ह्यूस्टन बुडू नये म्हणून १९४० च्या दशकात बांधलेलं, एरवी आत झाडं, मैदानं, सायकलचे रस्ते, आणि मोठा पाऊस आला की दारं बंद करून पाणी तिथे अडवायचं. ते पाणी पसरत पसरत जिथवर येऊ शकतं त्या हद्दीत आमची अख्खी कॉलनी. प्लॉटच्या नकाशावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं म्हणे, पण घर घेताना तो नकाशा कोण मागतं हो? बिल्डरनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. फ्लड झोनमध्ये नाही म्हणून फ्लडचा विमाही नाही.

२५ तारखेला गणपती बसले आणि त्याच रात्री हार्वी वादळ रॉकपोर्टला धडकलं, आमच्यापासून कितीतरी लांब. सुटलो म्हणालो. आरतीला चार घरची माणसं होती, मोदक झाले, लोक उशिरापर्यंत गप्पा मारत बसले. आमच्याकडे वारा असा काही नव्हताच, नुसता पाऊस, पण शनिवारी रात्रीपासून जो लागला तो थांबायचं नावच घेईना. सोमवारी पाणी रस्त्यावर, आणि मग घरात. मला वाटायचं पाणी दारातून येतं. आमच्याकडे आधी बाथटबच्या जाळीतून गुळगुळ आवाज करत वर आलं, मग कार्पेट कडेनं फुगायला लागलं, पाय टेकवला की चुबुक. सगळ्यात आधी बाप्पा मखरासकट वरच्या मजल्यावर, मग पासपोर्ट आणि व्हिसाची फाइल, मग तांदूळ. बुधवारी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या मासेमारीच्या बोटीतून बाहेर पडलो, बायकोच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेले गणपती, आणि तो भला माणूस विचारतो, आजारी आहे का तुमचा कुत्रा? पाच दिवसांचा गणपती, विसर्जन मंगळवारीच व्हायचं होतं, चहूकडे पाणीच पाणी आणि बायको म्हणते या गटाराच्या पाण्यात मी करणार नाही. शेवटी ऑस्टिनला मित्राकडे बादलीत केलं.

पाणी आठवडाभर हललं नाही. नंतर ड्रायवॉल (इथल्या पोकळ भिंतींचा प्लास्टरचा पत्रा) चार फुटांवर कापायची, आतला ओला कापूस उपसायचा, पंखे लावायचे. २०१९ च्या डिसेंबरात कोर्टानं धरणाच्या वरच्या बाजूच्या लोकांच्या बाबतीत सरकारला जबाबदार धरलं. पैशाचं विचारू नका. आम्ही अजून ह्यूस्टनलाच आहोत, जुन्या घरापासून अकरा मैलांवर, आणि यावेळी नकाशा मागून घेतला, भिंग लावून वाचला.

तुम्हाला एक सांगतो, परत घर बघायला गेलात तर गॅरेजमध्ये वॉटर हीटरच्या मागची भिंत बघा. हॉल, बेडरूम सगळे रंगवतात, ती भिंत कोणी रंगवत नाही.

जुना_ह्यूस्टनकर:
केटीकर, कुत्र्याचं वाचून हसावं की रडावं कळेना.
माझा अनुभव उलटा आहे. २००५. २९ ऑगस्टला कॅटरिना होऊन गेलेलं, न्यू ऑर्लिन्सची छपरावरची माणसं टीव्हीवर बघून सगळे हादरलेले, आणि तीन आठवड्यांत रीटा येतंय म्हणून बातमी. ज्यांना जायची काही गरज नव्हती तेही निघाले, त्यात आम्ही. ह्यूस्टन ते डॅलस एरवी चार तास, आम्हाला तेवीस तास लागले, मुलगी अकरा महिन्यांची, पेट्रोल वाचवायचं म्हणून एसी बंद, बाहेर ऊन मी म्हणतंय, पंपांवर थेंब नाही. मी गाडी बंद करून ढकलत होतो, पुढची गाडी चार फूट सरकली की आपणही चार फूट. वृद्धाश्रमातल्या लोकांना घेऊन निघालेली एक बस डॅलसजवळ पेटली, तेवीस जण गेले. आणि वादळ वळलं पूर्वेला! परत आलो तर अंगणातली तुळशीची कुंडीसुद्धा जागची हलली नव्हती.
तेव्हापासून मी आधी आपला इव्हॅक्युएशन झोन (घर सोडायला सांगतात तो पट्टा) कुठला ते बघतो. पाण्यापासून पळायचं, वाऱ्यापासून लपायचं, असं इथले जुने लोक सांगतात. आमच्या घरी पाणी येत नाही, म्हणून आइकच्या वेळी २००८ ला थांबलो. वीज दोन आठवडे नव्हती, पण माणसं घरात होती.

पाथट्रेन:
हरिकेन म्हणजे फ्लोरिडा, टेक्सस असं समजणाऱ्यांसाठी फक्त एवढंच लिहिते की आम्ही होबोकनला होतो, न्यू जर्सी, २९ ऑक्टोबर २०१२, सँडी. चौथा मजला म्हणून निर्धास्त. पण वीज, लिफ्ट, पंप सगळं बेसमेंटमध्ये! हडसनचं पाणी रात्रीतून गावात आलं आणि तीन दिवस खालच्या रस्त्यावर डिझेल मिसळलेलं काळं पाणी, नॅशनल गार्डचे ट्रक लोकांना काढत होते. होबोकनचं पाथ स्टेशन (न्यूयॉर्कला जाणाऱ्या लोकलचं) १९ डिसेंबरला उघडलं, तोवर ऑफिसला फेरीबोट नाहीतर बस. आणि लोक काय म्हणत होते, ही फक्त कॅटेगरी वनची हवा. कॅटेगरी नुसती वाऱ्याची असते, पाण्याची नसते, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

रात्रपाळी:
मी नर्स आहे, न्यू ऑर्लिन्स. आमच्याकडे वादळाच्या टीममध्ये नाव असतं, म्हणजे वादळाच्या आधी उशी पांघरूण घेऊन हॉस्पिटलात जायचं आणि दुसरी टीम येईपर्यंत बाहेर पडायचं नाही. आयडा २०२१ ला आलं तेही २९ ऑगस्टलाच, कॅटरिनाला बरोबर सोळा वर्षं. कॅटरिनात शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली होता, त्यानंतर १४ अब्ज डॉलरच्या वर खर्चून बंधारे नव्यानं बांधले, आणि आयडात ते टिकले, हे कबूल करायलाच हवं. पण शहरात येणाऱ्या विजेच्या आठही मोठ्या लाइन्स गेल्या. पाणी नाही आलं, उकाडा आला. घरी गेले तर घर कोरडं ठणठणीत आणि आत भट्टी. फ्रिज उघडायचा नाही, चहूबाजूंनी टेप गुंडाळून तसाच फुटपाथवर ठेवायचा, हे मला शेजारच्या आजींनी शिकवलं, मी मात्र आधी उघडला. तो वास अजून आठवतो. वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं त्या उन्हात आजारी पडून आमच्याकडे येत होती, पूर ज्यांच्या दारातही आला नव्हता अशी.
त्यामुळे किनाऱ्यावर राहणारे मूर्ख आहेत, सगळ्यांनी निघून जावं, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. जे जाऊ शकत नाहीत त्यांचं डायलिसिस कोण करणार मग?

वाळूत_घर:
धागालेखिकेला थेट उपयोगाचं लिहितो. आम्ही फोर्ट मायर्स. २०२२ चं आयन, दोन दिवस आधीपर्यंत सगळे टँपा टँपा करत होते. इतके की आमचे टँपाचे मित्र 'सुरक्षित' म्हणून आमच्याकडे राहायला आले, सोबत तीन कूलर आणि मांजर. २८ सप्टेंबरला ते वादळ आमच्याकडेच आलं. बीचवर दहा ते पंधरा फूट पाणी, आमच्याकडे नदीच्या अंगानं आलं, कमरेपर्यंत. टँपाच्या खाडीतलं पाणी त्या दिवशी उलट ओढलं गेलं, तळ उघडा पडला, लोक बघायला गेले होते. टीव्हीवरचा तो शंकू म्हणजे वादळाचा मधला बिंदू कुठून जाईल याचा अंदाज असतो, त्याच्या बाहेर असलात म्हणजे वाचलात असं नाही. आम्ही कडेला होतो.

मग विमा. नीट वाचा. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर नसतो. फ्लडचा वेगळा घ्यायचा, सरकारी असेल तर घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख, आणि आज नुसताच घेतलात तर लागू तीस दिवसांनी (घराच्या कर्जाबरोबर घेतला तर ही अट नसते), म्हणजे वादळ टीव्हीवर दिसल्यावर धावून उपयोग नाही. हरिकेनचं डिडक्टिबल वेगळं, तेही टक्क्यांत. चार लाखांचा विमा आणि पाच टक्के, तर पहिले वीस हजार खिशातून. आमच्याकडे दोन्ही पॉलिसी होत्या आणि तरी काय झालं, वाऱ्याच्या विम्याचा माणूस म्हणतो हे पाण्यानं झालंय, पाण्याचा म्हणतो आधी वाऱ्यानं छप्पर उचललं. सात महिने. मी आणि बायको मोटेलमध्ये बसून फोटोंवर तारखा टाकत होतो. घर घ्यायच्या आधी, ऑफर द्यायच्याही आधी, विम्याचं कोटेशन मागवा आणि एलिव्हेशन सर्टिफिकेट (घर किती उंचीवर आहे त्याचा दाखला) बघा.

लांबून_वाचणारा:
असं बघायला गेलं तर ओहायोत टॉर्नेडो येतात, कॅलिफोर्नियात भूकंप. कुठे जाणार माणूस. टँपा घ्या बिनधास्त, आंबे खा.

वाळूत_घर:
टॉर्नेडो एका गल्लीतून जातो आणि गल्लीचा विमा मिळतो. किनाऱ्यावर अख्ख्या जिल्ह्याचा प्रीमियम दरवर्षी वाढतो, वादळ येवो न येवो. आंबे महागात पडतील.

डोंगरातली:
मी बिनधास्तवाल्यांच्या बाजूची नाही पण हेही ऐका. इर्मात २०१७ ला मायामीहून पळालो, पासष्ट लाखांच्या आसपास लोकांना निघायला सांगितलं होतं, अख्खा फ्लोरिडा एका हायवेवर. पुन्हा हे नको म्हणून दोन वर्षांनी घर विकलं आणि नॉर्थ कॅरोलिनात ॲशव्हिलला आलो. समुद्रापासून शेकडो मैल, दोन हजार फूट उंची, मुलांची शाळा छान. आईला फोनवर सांगितलं, आता वादळाची काळजी नको. २७ सप्टेंबर २०२४ ला हेलीन आमच्या डोक्यावर! आधीच दोन दिवस पाऊस, त्यात हे, नद्या दरीतून अशा आल्या की ट्रक, घरं, झाडं एकत्र. आमचं घर चढावर म्हणून वाचलं, पण नळाला पिण्याजोगं पाणी यायला ५३ दिवस लागले. त्रेपन्न. ओढ्यावरून बादल्या आणून संडासात ओतायच्या, आणि मनात एकच, मायामीत निदान शटर होती, जनरेटर होता, कधी निघायचं ते माहीत होतं. इथे कोणाच्या गावीही नव्हतं.

इतिहासवेडा:
टेक्ससच्या किनाऱ्यावर इंडियानोला नावाचं भरभराटीचं बंदर होतं. १८७५ ला वादळानं मोडलं, लोकांनी परत बांधलं, १८८६ ला पुन्हा मोडलं, मग सोडून दिलं. आता तिथे जाऊन बघण्यासारखं फारसं काही नाही, मी गेलोय, डास चिक्कार. गॅल्व्हेस्टनचं उलट. ८ सप्टेंबर १९०० ला तिथे किमान सहा हजार माणसं गेली, तरी ते हटले नाहीत, सतरा फुटी समुद्री भिंत बांधली आणि अख्खं गाव जॅकवर उचलून खाली वाळूचा गाळ भरला, चर्चसकट, लोक महिनोन् महिने फळ्यांच्या पुलावरून ये-जा करत. १९१५ ला तसंच वादळ आलं, भिंतीमागच्या गावात माणसं फार कमी गेली. पण व्यापार तोवर ह्यूस्टननं नेला होता. राहिले ते बरोबर की गेले ते, मला तरी ठरवता आलेलं नाही.

भाडेकरू:
मी एच वन बीवर, टँपातच. नोकरी इथे तर मी इथे, राहावं का वगैरे प्रश्न ग्रीन कार्डवाल्यांना पडतात. भाड्यानं राहतो, दुसरा मजला, झोन ए (सगळ्यात आधी खाली करायला लावतात तो पट्टा) नाही. मिल्टनच्या वेळी ऑक्टोबर २०२४ मध्ये बॅग भरून ऑर्लँडोला गेलो, परत आलो, घर जसंच्या तसं, मालकाचं छप्पर गेलं होतं ते मालकानं बघितलं. ताई, एक दोन सीझन भाड्यानं काढा. १ जून ते ३० नोव्हेंबर. मग ठरवा.

ओहायोवाली:
सगळ्यांचे खूप आभार, रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले होते. अपडेट देते. या वीकेंडला परत गेलो होतो, घर बघायला. विकणाऱ्यानं दिलेल्या फॉर्मवर पुराचा क्लेम केला होता का, तर नाही. सरकारी मदत घेतली का, नाही. एजंटबाईंनी ते मोठ्यांदा वाचून दाखवलं. मी म्हटलं, क्लेमचं नका सांगू हो, पाणी आलं होतं का ते सांगा. तर म्हणाल्या, मालकांना विचारते.

मग केटीकरांचं आठवलं आणि गॅरेजमध्ये गेले. वॉटर हीटरच्या मागे हात घालून फोनचा टॉर्च मारला. बाकी सगळं गॅरेज पांढरंशुभ्र, आणि तिथे एक बोटभर रुंदीची तपकिरी रेघ, अगदी सरळ, पट्टी ठेवून ओढल्यासारखी. एजंटबाई म्हणाल्या, पाइपची सावली असेल. मी नखानं खरवडलं तर बारीक चिखलाची पूड निघाली. टेप लावला, जमिनीपासून एकोणीस इंच.

नवऱ्याला हाक मारली तर तो मागे आंब्याखाली, मोहर आलाय का बघत होता.