मदत हवी आहे: पाल्बोसिक्लिब (कॅन्सरचं औषध) १२५ मि.ग्रॅ. वरून १०० वर आलेल्यांचा अनुभव

आईला (वय ६३) हाडांत पसरलेला स्तनाचा कॅन्सर आहे. ईआर पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणारा), हर-टू (एक प्रथिन) निगेटिव्ह. रोज लेट्रोझोल (हार्मोन कमी करणारी गोळी), सोबत पाल्बोसिक्लिब १२५: २१ दिवस घ्यायचं, ७ दिवस बंद. नवी सायकल सुरू करायच्या दिवशी न्यूट्रोफिल्स (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) फक्त ९०० निघाले. ताप नव्हता. डॉक्टरांनी पाल्बोसिक्लिब थांबवलं, लेट्रोझोल चालू ठेवलं. पुन्हा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) केल्यावर १३०० आले, म्हणून आता १०० चा डोस लिहून दिलाय.

डोस कमी म्हणजे गुणही कमी, ही धास्ती आईच्या मनातून जात नाही. रायबोसिक्लिबचा (याच गटातलं दुसरं औषध) पर्याय नाही. त्याने क्यूटी (ईसीजीतलं हृदयाच्या ठोक्याचं एक माप) वाढू शकतो, आणि आईचा आधीच वाढलेला आहे. जेनेरिकमुळेच खर्च झेपतोय, पण १०० ची पट्टी साताऱ्यात मिळेना.

१०० वर आल्यावर तुमच्याकडे काउंट टिकले का? आणि १०० चं जेनेरिक पुण्यात नक्की कुठे मिळेल?