पगाराच्या बोलणीचा सराव एआयसोबत: हटून बसणारा समोरचा कसा मिळवायचा?

मंडळी, मदत हवी आहे. पगाराच्या बोलणीचा सराव मी चॅटबॉटसोबत करतोय. त्याला सांगतो, 'तू एचआर मॅनेजर, बजेट ठरलेलं आहे, सहजी मानू नकोस.' सुरुवात तो ऐटीत करतो, पण मी जरा आग्रह धरला की 'तुमचा मुद्दा रास्त आहे' म्हणत आकडा वाढवून मोकळा! अशाने कसली डोंबलाची तयारी होणार?

युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात माणूस आणि संगणक यांच्यातल्या वाटाघाटींसाठी 'इयागो' नावाची प्रणाली बनवली आहे. तिच्यातला आभासी माणूस चेहऱ्यावर राग-आनंद दाखवतो, आपली पसंती विचारतो, ऑफर देतो. मला एवढं साग्रसंगीत नको. चॅटबॉटने आपली कमाल मर्यादा लपवावी आणि बदल्यात काही मिळाल्याशिवाय काही सोडू नये, बस.

त्याची मर्यादा आणि बॅटना, म्हणजे बोलणी फिसकटली तर हाताशी असलेला पर्याय, आधीच आकड्यांत लिहून दिले तर तो टिकतो का? चुका दाखवायला वेगळा चॅट उघडता का? त्याच चॅटमध्ये विचारलं तर नुसतं कौतुक होतं.

आणि व्हॉइस मोडवर कोणी करून पाहिलंय का? ऑफर ऐकून गप्प राहणं मला सगळ्यात अवघड जातं, टायपिंगमध्ये त्याचा सरावच होत नाही. चालणारा प्रॉम्प्ट असेल तर कृपया इथेच टाका.